काचेबाहेरून जिवाणूंवर नजर: सोयाबीनच्या रायझोबियम बॅचसाठी ऑप्टिकल सेन्सर आणि साधं सांख्यिकी मॉडेल

मे महिना लागला की जिवाणू संवर्धकं बनवणाऱ्या छोट्या लॅबमध्ये झोप उडते. मृगाचा पाऊस पडला की सोयाबीनची बीजप्रक्रिया सुरू होणार, तोवर बाटल्या भरून तयार हव्यात. आणि नेमका सोयाबीनचा जिवाणू, ब्रॅडिरायझोबियम (रायझोबियम गटातला, मुळांच्या गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला देणारा), भलताच संथ. कॉलेजात शिकवतात तो ई. कोलाय चांगल्या माध्यमात (जिवाणूंच्या खाद्याच्या द्रावणात) वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला सात-आठ तास लागतात. म्हणजे एक बॅच तीन-चार दिवस चालते. तेवढा वेळ दर दोन तासांनी नमुना काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे द्रवाच्या गढूळपणाचं माप) घेणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि प्रत्येक नमुन्यासाठी बाटली उघडणं म्हणजे घुसखोराला आमंत्रण.

म्हणून बाटली न उघडता, काचेबाहेरून मोजायचं. खालची पद्धत पाच लिटरच्या काचेच्या बाटलीसाठी आहे. सुटे भाग एखाद-दोन हजारांत बसतात. खरा खर्च आहे तो कॅलिब्रेशनवर (सेन्सरचं रीडिंग खऱ्या मापाशी जुळवण्यावर) घालवायच्या दिवसांचा, आणि तो वाचवायला गेलात तर बाकी सगळं शोभेचं.

एक गोष्ट मनात पक्की करून पुढे जाऊ. सेन्सर जिवाणू मोजत नाही, तो प्रकाश मोजतो. दोहोंमधलं अंतर आपण भरून काढायचं असतं, आणि ते किती खात्रीने भरलं हेही सांगायचं असतं. सांख्यिकी लागते ती त्यासाठी.

प्रकाशाचं गणित आधी

ओडी म्हणजे प्रकाश शोषला जाणं नव्हे. जिवाणू जवळजवळ पारदर्शक असतात, ते प्रकाश विखुरतात. दुधाचा थेंब पाण्यात पडला की पाणी पांढरट दिसतं, तसंच हे. म्हणून दोन वेगवेगळ्या मशिनवर एकाच नमुन्याची ओडी वेगळी येते: विखुरलेल्यातला किती प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचतो हे मशिनच्या रचनेवर ठरतं. ओडी ०.४ च्या वर गेली की बहुतेक मशिनवर सरळ रेषाही वाकू लागते. तिथून पुढे नमुना पातळ करून मोजायचा आणि गुणायचं.

आता पाच लिटरची बाटली घ्या. व्यास साधारण १८ सेंटिमीटर. ओडी एक सेंटिमीटरसाठी मोजतात, म्हणजे ओडी १ असलेल्या द्रवातून १८ सेंटिमीटर आरपार गेलेला प्रकाश कागदावर एकावर अठरा शून्यं इतक्या भागांतला एक भाग उरेल. आरपार मोजणं विसरा. एलईडी आणि फोटोडायोड एकाच बाजूला शेजारी-शेजारी लावायचे आणि मागे परतून आलेला प्रकाश मोजायचा. द्रव जितका गढूळ तितकं रीडिंग जास्त. काही जण सिलिकॉनच्या नळीतून पंपाने कल्चर (जिवाणू वाढत असलेला द्रव) फिरवून बारीक काचनळीत आरपार मोजतात. ते नेमकं येतं, पण नळीत दोन दिवसांत बुळबुळीत थर धरतो आणि जोड वाढले की गळती आलीच. रायझोबियम मुळातच चिकट, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही.

तरंगलांबी ८५० ते ८८० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड घ्या. कारण यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलेलं माध्यम ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) पिवळट होऊन येतं, आणि ओडीसाठी नेहमी वापरतात त्या ६०० नॅनोमीटरपेक्षा इथे त्या रंगाचा त्रास कमी. उद्या याच सेटअपवर ॲझोटोबॅक्टर क्रोकोकम (नत्र देणारा दुसरा जिवाणू) लावलात तर ते जुनं होताना तपकिरी-काळं रंगद्रव्य सोडतं, तेव्हा तर याची किंमत कळते. ९४० चे एलईडी स्वस्त मिळतात, पण ९७० च्या आसपास पाणी स्वतःच प्रकाश शोषतं, म्हणून टाळलेले बरे. इन्फ्रारेडमध्ये विखुरणं मात्र कमी होतं: ६०० ला जेवढं असतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. चालतं.

सेन्सरचा पट्टा बांधणं

लागणारं सामान: ८८० नॅनोमीटरचा एलईडी, बीपीडब्ल्यू-३४ फोटोडायोड (काळ्या आवरणाचा एफ प्रकार मिळाला तर उत्तम, तो ट्यूबलाइटचा दृश्य प्रकाश अडवतो), त्याच्या करंटचं व्होल्टेज करणारा एक ऑप-अँप, त्या व्होल्टेजचा आकडा करणारी एडीएस-१११५ ही १६ बिटची चिप आणि ते सगळं चालवणारा ईएसपी-३२ बोर्ड. ईएसपी-३२ मध्ये स्वतःचा कन्व्हर्टर असतो, तो वापरू नका, त्याची रेषा सरळ नाही. तापमानासाठी डीएस-१८बी२०. एलईडीला स्थिर करंट द्या, २० मिलीअँपिअर पुरे. एलईडी तापला की त्याचा उजेड कमी होतो. दुपारी ३८ आणि पहाटे २६ अशी खोली असेल तर तेवढ्याने खोटी लाट दिसते. त्यावर उपाय म्हणजे एलईडीच्या पाठीशी दुसरा फोटोडायोड लावून त्याचा स्वतःचा उजेड मोजायचा आणि मुख्य रीडिंगला त्याने भागायचं. पन्नास-साठ रुपयांच्या या जास्तीच्या डायोडने माझी अर्धी डोकेदुखी गेली.

एलईडी आणि डायोडमध्ये दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवा आणि मधे काळ्या रबराची भिंत, काचेला घट्ट टेकलेली. ती नसेल तर प्रकाश काचेच्या जाडीतूनच सरपटत डायोडपर्यंत जातो आणि बाटली रिकामी असली तरी भरपूर रीडिंग येतं. बाटलीवरचे पांढरे मिलिलिटरचे आकडे आणि उठावाची अक्षरं टाळून जागा निवडा. तळापासून पाचेक सेंटिमीटर वर, हवेच्या नळीपासून दूर, ढवळल्याने पडणाऱ्या भोवऱ्याच्या खाली. पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून त्याचं कडं केलं की ऑटोक्लेव्हनंतर सेन्सर दरवेळी त्याच जागी बसतो. जागा अर्धा सेंटिमीटर जरी सरकली तरी जुनं कॅलिब्रेशन बाद.

आणि पूर्ण बाटलीला काळं कापड गुंडाळा. सुरुवातीला द्रव स्वच्छ असतो, तेव्हा प्रकाश पलीकडे जाऊन मागच्या भिंतीवरून, पांढऱ्या लेबलवरून, कोणी उभं असेल तर त्याच्या ॲप्रनवरून परत येतो. आमच्या पहिल्या सेटअपला कापड नव्हतं आणि प्रोग्रॅममध्ये एलईडी सतत चालू होता. रोज संध्याकाळी साडेपाचला बॅच झपाट्याने 'वाढायची' आणि सातला 'मरायची'. दोन दिवस मी त्यावर सिद्धांत मांडत होतो. तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या खिडकीतून येणारी तिरीप बाटलीवर पडलेली दिसली. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं.

म्हणून मोजण्याचा क्रम असा लावा: एलईडी २०० मिलिसेकंद बंद, २०० मिलिसेकंद चालू, आणि दोहोंतला फरक हेच रीडिंग. २०० ची निवड उगाच नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि २०० मिलिसेकंदांत त्या लुकलुकीचे पूर्ण फेरे बसतात, त्यामुळे ती आपोआप कटते. असे २० फेरे घ्या आणि त्यांची सरासरी नव्हे, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) साठवा. बुडबुडा समोरून गेला की एखादं रीडिंग उसळतं, सरासरी त्यामागे धावते, मध्यक जागचा हलत नाही. मोजताना हवेचा पंप अर्धा मिनिट रिलेने बंद करता आला तर आणखी चांगलं. दर मिनिटाला एक ओळ: वेळ, मुख्य रीडिंग, संदर्भ डायोड, तापमान. एसडी कार्डवर लिहा, वायफायवर विसंबू नका. बोर्डाला बॅटरी द्याच. लाइट गेल्यावर ढवळणं थांबलेलं असतं आणि जिवाणू तळाला बसू लागतात, ती वेळ नोंदीत दिसायलाच हवी.

जिवाणूंच्या आधी दूध वापरून पाहा. पाच लिटर पाण्यात एकेक मिलिलिटर दूध घालत जा आणि रीडिंग टिपा. आलेख आधी सरळ चढेल, मग कलू लागेल. न चढता वर-खाली उड्या मारत असेल तर दोष तुमच्या पट्ट्यात आहे. तो आत्ताच शोधा, मदर कल्चर (बॅच सुरू करायला घालतात ते शुद्ध जिवाणू) वाया घालवून नव्हे.

बारा तासांचा कोरा फेरा

माध्यम नेहमीचंच: लिटरला १० ग्रॅम मॅनिटॉल, अर्धा ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट, ०.२ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, ०.१ ग्रॅम मीठ, अर्धा ते एक ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. कॅल्शियम कार्बोनेट घालू नका. ॲशबीच्या माध्यमात ते लिटरला ५ ग्रॅम असतं आणि पिकोव्हस्कायाच्या माध्यमात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. दोन्ही जिवाणू घालण्याआधीच चुन्याच्या निवळीसारखी, तिथे गढूळपणा मोजून काहीच कळत नाही. पीएसबीसाठी (स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसाठी) हा लेख जसाच्या तसा वापरू नका, विरघळणारं फॉस्फेट असलेलं माध्यम असेल तरच वापरा.

पाच लिटर एकाच बाटलीत असेल तर १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं पुरत नाहीत, आतला द्रव उशिरा तापतो. आम्ही पाऊण तास ठेवतो.

बाटली थंड झाली की लगेच कल्चर घालायचा मोह होतो. थांबा. सेन्सर लावून, २८ अंशांवर, ढवळणं चालू ठेवून बारा तास नुसतं मोजा. या एका रात्रीत तीन कामं होतात. पहिलं, ब्लँक (जिवाणू नसतानाचं रीडिंग, जे पुढे वजा करायचं) मिळतो, तोही त्याच बाटलीचा, त्याच माध्यमाचा. दुसरं, सेन्सरचा स्वतःचा थरथराट किती हे कळतं. रीडिंगचं प्रमाण विचलन काढून वहीत लिहा, पुढे मॉडेलला ते लागणार आहे. तिसरं, निर्जंतुकीकरण नीट झालं का ते दिसतं. रेषा सपाट राहिली तर बहुधा ठीक, पहाटेकडे वर उचलली तर बाटली परत ऑटोक्लेव्हमध्ये.

ब्लँकवर मी इतका का अडतो ते एका उदाहरणात सांगतो. समजा खरी ओडी ०.०२ वरून आठ तासांत ०.०४ झाली, म्हणजे दुप्पट. तुमचा ब्लँक ०.०२ ने चुकला, तेवढा वजा करायचा राहिला. तुम्हाला दिसेल ०.०४ वरून ०.०६. म्हणजे दीडपट. नैसर्गिक लॉगमध्ये ०.६९३ ऐवजी ०.४०५. यावरून दुप्पट व्हायचा काळ काढलात तर तो आठऐवजी जवळजवळ चौदा तास येईल. जिवाणूंनी काहीच वेगळं केलेलं नाही, चूक सगळी वजाबाकीत. पुढे ओडी १ झाल्यावर तीच ०.०२ ची चूक कुठे दिसणारही नाही. म्हणजे ब्लँकची चूक नेमकी बॅचच्या सुरुवातीला बाधते, जिथे आपण सर्वांत सावध असायला हवं.

कॅलिब्रेशन

एक बॅच यासाठीच चालवा, विकायला नाही. वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर, दहा-बारा वेळा, लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) नमुना काढा. त्याच क्षणाचं सेन्सरचं रीडिंग टिपा. नमुन्याची ओडी ६०० नॅनोमीटरवर, गरजेप्रमाणे पातळ करून, तीनदा मोजा. आणि त्यातल्या निदान सहा नमुन्यांच्या, कॉन्गो रेड हा रंग घातलेल्या प्लेटा लावा, म्हणजे घट्ट माध्यमावर पसरून जिवंत जिवाणूंच्या वसाहती मोजता येतील. ब्रॅडिरायझोबियमच्या वसाहती दिसायला पाच-सात दिवस लागतात. त्या पांढरट, चमकदार राहतात, रंग फारसा घेत नाहीत. गडद लाल ठिपका दिसला तर तो आपला नव्हे.

प्लेटच्या आकड्यावर लोकांचा अंधविश्वास असतो. दशांश पातळीकरण सहा पायऱ्यांचं केलं, प्रत्येक पायरीत पिपेटची ५ टक्के चूक धरली, तर एकूण चूक सहाच्या वर्गमुळाने वाढते: सुमारे १२ टक्के. शेवटच्या नळीतला ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरला आणि ६० वसाहती आल्या, तर नुसत्या योगायोगाची चूक ६० चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ८ वसाहती, १३ टक्के. दोन्ही मिळून १८ टक्के. गणित सांगतं मिलिलिटरला ६० कोटी. खरं वाक्य असं: ६० कोटी, आणि शंभरातल्या पंचाण्णव वेळा ३८ ते ८२ कोटींच्या दरम्यान. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप रायझोबियममध्ये मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात, त्यामुळे इथे काळजी नाही. पण मोजून १२ कोटी आले असतील तर त्या बाटलीवर सही करताना हात थोडा थांबला पाहिजे.

आता सेन्सर आणि ओडी यांचा आलेख काढा. दुधासारखाच कलता वक्र येईल. त्याला सरळ रेषा ओढू नका, आणि एक्सेल देतं म्हणून चौथ्या घाताची बहुपदीही नको, ती टोकाला वेडीवाकडी वळते. संपृक्त होत जाणारा वक्र घ्या: रीडिंग = (कमाल × ओडी) ÷ (अर्धांक + ओडी). अर्धांक म्हणजे ज्या ओडीला रीडिंग कमालीच्या निम्मं होतं ती. दोनच अज्ञातं. पायथॉनमधल्या स्कायपायने किंवा आर-मधल्या एनएलएसने पाच मिनिटांत बसतो. मग प्रत्येक बिंदू वक्रापासून किती लांब आहे याचा वेगळा आलेख काढा. बिंदू वर-खाली विस्कटलेले हवेत. सुरुवातीचे सगळे वर आणि शेवटचे सगळे खाली असे गट पडले तर वक्राचा आकारच चुकलाय.

ओडीवरून जिवंत संख्या काढण्याचं समीकरण मात्र फक्त वाढीच्या जोरदार टप्प्यासाठी खरं माना. नंतर ब्रॅडिरायझोबियम पेशीत पीएचबी नावाच्या चरबीसदृश साठ्याचे कण भरतो आणि बाहेर चिकट पॉलिसॅकराइड सोडतो. प्रकाश जास्त विखुरतो, ओडी चढत राहते, पेशी तेवढ्याच. आणि आणखी पुढे मेलेली पेशीही जिवंत पेशीइतकीच गढूळ दिसते.

वाढीचा वेग

रीडिंगवरून ओडी, ओडीचा नैसर्गिक लॉग, आणि त्या लॉगचा उतार म्हणजे वाढीचा वेग. आठ तासांत दुप्पट म्हणजे ताशी ०.६९३ भागिले ८, साधारण ०.०८७. दर मिनिटाच्या रीडिंगवरून मिनिटाचा उतार काढू नका, नुसता गोंगाट येईल. आधी अर्ध्या तासाचा मध्यक घ्या, मग सहा तासांच्या सरकत्या खिडकीत सरळ रेषा बसवा.

इथे एक खड्डा आहे, शिकलेले लोकही त्यात पडतात. सहा तासांत ३६० रीडिंग्ज आहेत म्हणून सॉफ्टवेअर सांगतं की उताराची चूक अगदी नगण्य. ते खोटं आहे. शेजारच्या दोन मिनिटांची रीडिंग्ज एकमेकांची भावंडं असतात. तापमान, ढवळणं, काचेवरचा थर, सगळं सामायिक. ३६० स्वतंत्र साक्षीदार तुमच्याकडे नाहीत, फार तर दहा-बारा आहेत. खरी चूक जाणून घ्यायची तर सहा-सात चांगल्या बॅचेस चालवा आणि त्यांच्या वेगांतला फरक पाहा.

पूर्ण बॅचचा वक्र बसवायचा असेल तर गॉम्पर्ट्झचं सूत्र पुरतं. हे सूत्र १८२५ मध्ये माणसांच्या मृत्युदरासाठी, विम्याच्या गणितासाठी मांडलं गेलं. १९९० मध्ये झ्वीटरिंग आणि सहकाऱ्यांनी ते जिवाणूंसाठी अशा रूपात लिहिलं की त्यातली तीन अज्ञातं थेट अर्थाची झाली: थांबण्याचा काळ (वाढ सुरू होण्याआधीचा), कमाल वेग आणि कमाल वाढ. १९९४ चं बारान्यी-रॉबर्ट्स मॉडेल जास्त शास्त्रशुद्ध आहे, पण बसवायला नखरेल. गॉम्पर्ट्झ कमाल वेग थोडा चढाच सांगतो. बॅचची बॅचशी तुलना करायची असेल तर बिघडत नाही, फक्त एकदा निवडलेलं मॉडेल मधेच बदलू नका. 'थांबण्याचा काळ' या आकड्यावर मात्र मी विश्वास ठेवत नाही. आपला सेन्सर ओडी ०.०५ च्या खाली जवळजवळ आंधळा असतो. जिवाणू वाढत असतात, दिसत नसतात, आणि मॉडेल त्यालाही थांबणं म्हणतं.

घुसखोर ओळखणं

या सगळ्या खटाटोपाचा खरा मोबदला इथे आहे. आपला जिवाणू संथ आहे, हीच त्याची ओळख.

हिशेब करू. मिलिलिटरला १ कोटी ब्रॅडिरायझोबियम घालून सुरुवात केली, आठ तासांत दुप्पट. बाटलीत हवेच्या नळीतून बॅसिलस या वेगाने वाढणाऱ्या जिवाणूची एकच पेशी शिरली, अख्ख्या पाच लिटरमध्ये एक, आणि ती चाळीस मिनिटांत दुप्पट होते. आपले एकूण ५००० कोटी, म्हणून बरोबरी व्हायला तिला सुमारे साडेपस्तीस दुपटी जास्त हव्यात. ताशी तिच्या दीड दुपटी, आपल्या अष्टमांश, फरक १.३७५. भागाकार: २६ तास. एका पेशीला पुरतात एवढे २६ तास, आणि बॅच तर तीन दिवसांची.

काही जण म्हणतात, मदर कल्चर पाचपट घाला म्हणजे घुसखोर दबेल. गणित पाहा: पाचपट म्हणजे घुसखोराला २.३ दुपटी जास्त, त्या तो पावणेदोन तासांत करतो. दबला वगैरे काही नाही. पण आपली बॅच अठरा-एकोणीस तास आधी संपते, आणि फायदा तिथे आहे. म्हणून टक्काभर घालण्यापेक्षा पाच टक्के घालाच, फक्त कारण बरोबर समजून.

आता सेन्सरला हे कधी दिसेल? घुसखोर एकूण संख्येच्या दहा टक्के झाला की मिश्रणाचा दिसणारा वेग ताशी ०.०८७ वरून ०.१८ होतो, दुपटीहून जास्त. आणि हे बरोबरीच्या साधारण सव्वादोन तास आधी. बॅसिलसची पेशी मोठी असल्याने प्रत्यक्षात जरा आधीच.

हे आपोआप पकडायला काल्मन फिल्टर वापरा. नाव घाबरवणारं आहे, १९६० सालचं आहे, काम घरगुती आहे. फिल्टर दोन गोष्टी लक्षात ठेवतो: आत्ताचा लॉग-ओडी आणि आत्ताचा वेग. दर अर्ध्या तासाला तो अंदाज करतो, 'मागचा लॉग अधिक वेगाच्या निम्मा इतकं रीडिंग यायला हवं'. ०.०८७ वेगाला अपेक्षित वाढ ०.०४३. खरं रीडिंग आलं की फरक बघतो आणि थोडा दोष सेन्सरला, थोडा स्वतःच्या अंदाजाला देऊन दोन्ही सुधारतो. कोणाला किती दोष द्यायचा हे ठरवणारे दोन आकडे तुम्ही पुरवायचे: सेन्सरचा थरथराट, जो कोऱ्या फेऱ्यात मोजला, तो लॉगच्या मापात बदलून (ओडी लहान असताना तो मोठा धरावा लागतो), आणि वेग स्वतः अर्ध्या तासात किती बदलू शकतो, जो आधीच्या चांगल्या बॅचेसवरून येतो.

समजा ओडी बरीच वर आली आहे आणि लॉगमधला थरथराट ०.०१ आहे. वेग ०.१८ झाला तर वाढ ०.०९ येईल, अपेक्षेपेक्षा ०.०४७ जास्त. दोन रीडिंग्जच्या वजाबाकीचा थरथराट ०.०१४ धरला तरी हा फरक तिपटीहून मोठा. एकदा आला तर बुडबुडा असू शकतो. लागोपाठ तीनदा आला तर उठा. आमचा नियम एवढाच आहे. हळूहळू सरकणारा बदल पकडायचा असेल तर पेज यांनी १९५४ मध्ये मांडलेली क्युसम पद्धत जोडा: दर वेळचा जास्तीचा फरक साठवत जायचा, साठा ठरावीक रेषेवर गेला की घंटा.

घंटा वाजली म्हणजे बॅच फेकायची असं नाही. नमुना काढा, ग्रॅम स्टेन करा (जिवाणू रंगवून गट ओळखायची पद्धत), मायक्रोस्कोपखाली बघा. आपले गुलाबी, आखूड काड्यांसारखे. जांभळ्या, जाड, साखळीत लागलेल्या काड्या दिसल्या की निकाल लागला. ब्रोमोथायमॉल ब्लू (आम्ल-अल्कली दाखवणारा रंग) हाताशी असेल तर काढलेल्या नमुन्यात दोन थेंब टाका. ब्रॅडिरायझोबियम मॅनिटॉलच्या माध्यमात सामू (पीएच) अल्कलीकडे नेतो, रंग निळसर येतो. बरेच घुसखोर आम्ल करतात, रंग पिवळा पडतो. शेवटचा शब्द डोळ्याचा, सेन्सरचा नाही. आणि हेही मान्य करू: घंटा वाजते तेव्हा ती बॅच बहुधा गेलेलीच असते. वाचतात ते उरलेले दोन दिवस, आणि त्या बाटलीतून पुढच्या १०० लिटरच्या टाकीत होणारं नुकसान. मे महिन्यात दोन दिवस थोडे नाहीत.

उलटा इशाराही येतो. वेग ०.०८७ वरून अचानक ०.०४ वर आला तर आधी तापमानाचा रकाना बघा. लाइट गेली आणि खोली ३७ वर चढली तर ब्रॅडिरायझोबियम मंदावतो. आणि वेग शून्य, रीडिंग हळूहळू खाली, असं दिसलं तर ढवळणारा चुंबक जागा सोडून कोपऱ्यात जाऊन पडलाय का पाहा. हे आमच्याकडे इतक्यांदा झालंय की आता तो पहिला तपास असतो.

काढायचं कधी

ओडी सपाट होईपर्यंत थांबू नका. फिल्टरचा वेग त्याच बॅचच्या कमाल वेगाच्या एकपंचमांशावर आला की काढा. त्यानंतर चढणारा गढूळपणा बहुतेक पीएचबी आणि चिकटा यांचा असतो, शेतकऱ्याच्या बियाण्याला त्याचा उपयोग नाही. काढताना एक नमुना प्लेटसाठी ठेवा, दरवेळी, अपवाद नाही. प्लेट वाचायला आठवडा लागतो हे खरं, पण तोच आकडा सेन्सरच्या भाकितासमोर लिहायचा असतो. पाच-सहा बॅचेस झाल्या की भाकीत आणि प्लेट यांच्यातला फरक एका बाजूला झुकतोय का ते दिसतं. झुकत असेल तर कॅलिब्रेशनची बॅच पुन्हा. नवा यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा उघडला, बाटली बदलली, जिवाणूचा प्रकार बदलला, तरीही पुन्हा.

बिघडलेली बॅच नाल्यात ओतू नका, ऑटोक्लेव्ह करून मगच टाका.

रिकामी बाटली धुताना आतून बोट फिरवा. सेन्सर असतो त्या पट्टीत काच बुळबुळीत लागेल. सौम्य अल्कलीच्या द्रावणात रात्रभर भिजवून घासा, मग साधं पाणी भरून, पट्टा लावून, काळं कापड गुंडाळून एक रीडिंग घ्या. बाटली नवी होती तेव्हाचं पाण्याचं रीडिंग वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असेल. दोन्ही जुळले तर पुढचं माध्यम भरा, नाही जुळले तर परत घासा.